माहिती गल्लीची, यादी कुणाची?

‘मला लपवण्यासारखं काही नाही,’ हे वाक्य सोलापुरात कुठेही ऐकू येतं. महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत, नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात, सोसायटीच्या बैठकीत. त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य असतं, जरा शिकलेल्या माणसाचं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना कसली आली गोपनीयता? हे फ्लॅटमध्ये दार लावून बसणाऱ्यांचं खूळ आहे, आपल्या पेठांमधलं नव्हे. पहिलं वाक्य भाबडेपणातून येतं आणि दुसऱ्यात थोडा अभिमानही असतो. मला दोन्ही उथळ वाटतात, कारण दोन्हींनी गोपनीयता म्हणजे एकट्या माणसाचं गुपित असं गृहीत धरलं आहे.

माझं म्हणणं असं की डिजिटल गोपनीयता हा आधी स्थानिक सत्तेचा प्रश्न आहे. आपल्याबद्दल कुणाला किती ठाऊक आहे, त्याच्याबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे, आणि या तफावतीवर आपलं पाणी, रेशन, अनुदान आणि मत किती टांगलेलं आहे, एवढं तपासलं की लपवण्यासारखं काही असण्या-नसण्याचा मुद्दा मागे पडतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आपल्याकडे ती दिल्लीची बातमी म्हणून वाचली गेली आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली. तिचा खरा पत्ता मात्र प्रभागातलाच होता.

१. गल्लीला ठाऊक असतं, ते कसं

पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत कुणाचे यंत्रमाग बंद पडले, कुणाची मुलगी माहेरी परत आली, कुणाच्या घरी सोनं गहाण पडलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेलुगूत कळलेलं मराठीत सांगितलं जातं, त्यावर कन्नडमध्ये शेरा मारला जातो आणि उर्दूत ते पुढच्या मोहल्ल्यात पोचतं. म्हणजे आपल्याकडे खासगीपणा नव्हता, हे निरीक्षण म्हणून खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

गल्लीच्या या ठाऊक असण्याला काही अटी होत्या. पहिली, ते परस्पर होतं. समोरच्या काकूंना माझं ठाऊक होतं तसं मला त्यांचं ठाऊक होतं, आणि या समतोलामुळेच दोघीही तोंड सांभाळून होत्या. दुसरी, ते विसरलं जायचं. दहा वर्षांपूर्वी कुणी उधारी बुडवली होती, हे त्याच्या मुलाच्या लग्नात कुणी काढत नसे. काढलंच तर काढणाऱ्यालाच लोक गप्प करत. तिसरी, ते फार लांब जात नसे. बाळीवेशीतलं बाळीवेशीत राही, होटगी रोडला गेलेल्या माणसाची नवी सुरुवात शक्य होती.

चौथी अट मला सर्वांत मोलाची वाटते. गल्लीत उत्तर देता येत होतं. माझ्याबद्दल कुणी चुकीचं पसरवलं तर मी नळावर जाऊन भांडू शकत होते. आरोप करणाऱ्याला तोंड होतं, पत्ता होता, आणि भांडणाला साक्षीदार होते. यादीला तोंड नसतं. माझ्या नावापुढे कुणीतरी एखादी खूण केली असेल तर ती मला दिसत नाही, कुणी केली कळत नाही, आणि खोडायची कुठे तेही ठाऊक नाही. तरी तिचे परिणाम मात्र दारापर्यंत येतात.

मी गल्लीचे गोडवे गाणार नाही. गल्लीने विधवांना, परजातीत लग्न करणाऱ्यांना, थोडं वेगळं वागणाऱ्या मुलींना किती छळलं आहे, हे आपण सगळे जाणतो. जुळे सोलापुरात जागा घेणाऱ्या पुष्कळांना मोठ्या स्वयंपाकघराइतकीच शेजारच्यांच्या नजरेतून सुटका हवी होती. पण गल्लीचा जुलूम उघडा होता आणि त्याच्याशी लढण्याची जागाही तिथेच होती. आज जी नजर आली आहे तिने गल्लीचा चौकसपणा ठेवला, वरच्या चारही अटी मात्र काढून टाकल्या.

२. सोलापूरला हजेरी नवी नाही

नोंदीमुळे निरपराध माणसाचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला सोलापूरकराने परदेशातली उदाहरणं द्यायची गरज नाही. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने आला, मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि कैकाडी, पारधी, टकारी, भाट, मांग गारुडी अशा जमातींची माणसं इथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. त्यांच्या नावांची नोंदवही होती. बोटांचे ठसे घेतले जात. ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायला पास लागे. शहराच्या गिरण्यांना याच वस्तीतून मजूर मिळत. त्या नोंदवहीत येण्यासाठी चोरी करावी लागत नव्हती, त्या जमातीत जन्म पुरत होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण निघालं, पण नोंदीतून तयार झालेला संशय पुढच्या पिढ्यांनाही पुरला. यातून मी एकच गोष्ट घेते: नोंद कधीही सर्वांची सारखी होत नाही. तिची सुरुवात, ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यापासून होते. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी गावात दिलं गेलं. मी आधारला सेटलमेंट म्हणत नाही. तशी तुलना बेजबाबदार ठरेल. आधारचा हेतू लाभ पोचवण्याचा होता आणि पुष्कळांना तो पोचलाही. पण कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले त्यांनाच रेशनच्या यंत्रापुढे पुन्हा पुन्हा अंगठा पुसून ठेवावा लागतो, आणि ज्याच्या घरी धान्य बाजारातून येतं त्याला हे यंत्र कसं दिसतं तेही माहीत नसतं. ‘मला लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा हा दुसरा माणूस उच्चारतो.

३. यादी कशी पिकते

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी, गड्ड्याच्या यात्रेच्या ऐन दिवसांत, १०२ जागांसाठी मतदान झालं. त्याआधीचे काही महिने इच्छुकांचे होते. त्या काळात माझ्यासह अनेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचे संदेश आले, फोटोसकट, नावासकट. पाठवणाऱ्याला आपण कधी भेटलोही नव्हतो. लोकांना गंमत वाटली, काहींना बरंही वाटलं.

आता जरा विचार करू. छापील मतदार यादीत नाव असतं, वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. तिच्यात जन्मतारीख नसते आणि मोबाइल क्रमांकही नसतो. मग शुभेच्छा बरोबर त्याच दिवशी, बरोबर त्याच फोनवर कशा आल्या? या दोन गोष्टी एकत्र मिळतात त्या अर्जावर आणि आधारच्या झेरॉक्सवर.

असे अर्ज गेल्या काही वर्षांत किती भरले गेले ते आठवा. लसीकरणाचे, आयुष्मान कार्डाचे, घरकुलाचे, आणि २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे. महिना १,५०० रुपयांच्या या योजनेसाठी राज्यभर जी धावपळ झाली, तिच्यात अर्ज भरून देण्याची सेवा सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांनी केली. ही सेवा खरी होती, हे आधी मान्य करू. विडी वळून आलेल्या बाईला अॅप उघडता येत नाही, सरकारी खिडकीवर दिवस मोडतो, दिवस मोडला तर हजार विड्यांची मजुरी जाते. संपर्क कार्यालयातला मुलगा तिला ‘मावशी, बसा’ म्हणतो, फॉर्म भरतो, फोनवर आलेला ओटीपी विचारतो, पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेतो. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा पतीचं किंवा वडिलांचं आधारही लागलं. मावशी घरी जाते. झेरॉक्स कुठे जाते?

तिथून पुढचं काम संगणक करतो. निवडणुकीच्या हंगामात उमेदवारांना विकली जाणारी मतदार-व्यवस्थापनाची अॅप कुणाही कार्यकर्त्याला परिचित आहेत. यादी त्यात चढते, घरनिहाय लागते, फोन जोडले जातात आणि प्रत्येक नावाला रंग देता येतो: आपला, समोरचा, कुंपणावरचा. सोलापुरात आडनावावरून भाषा कळते, भाषेवरून समाज, समाजावरून पेठ. विडी कामगार कोण, गिरणीचा निवृत्त कामगार कोण, दारात कुणाला गाडी लागते, कुणाचा मुलगा पुण्याला आहे आणि त्याला मतदानाला आणायला बस पाठवावी लागेल. गल्लीला हे सुटं सुटं ठाऊक होतंच. ते एका ठिकाणी, एका माणसाच्या हातात, शोधता येईल अशा रूपात आलं की त्याचा गुणधर्म बदलतो. ठिणगी चुलीत असते तेव्हा स्वयंपाक होतो, कापसाच्या गोदामात पडली तर आपण वेगळा शब्द वापरतो.

ही तक्रार कुठल्या एका पक्षाविरुद्ध नाही. आज महापालिकेत भाजपला मोठं बहुमत आहे, पूर्वी कितीतरी दशकं शहर काँग्रेसकडे होतं, उद्या आणखी कुणी येईल. यादी मात्र ज्याच्या हातात कारभार आहे त्याच्याकडे असली की तिची धार वेगळी असते, कारण लाभाची चावीही त्याच हातात असते. उजनीचं पाणी आपल्या नळाला काही दिवसांच्या आड येतं. चावीवाला आज आपल्या लायनीला किती वेळ पाणी सोडणार, हा ज्या शहरातला रोजचा प्रश्न आहे, तिथे कोण आपला आणि कोण समोरचा ही नोंद निरुपद्रवी असू शकत नाही.

४. गुप्त मतदान, उघडी गल्ली

यावर कुणी म्हणेल, यादी काहीही सांगो, मत तर गुप्त आहे. इथे आपण एकट्या माणसाच्या गोपनीयतेत अडकतो आणि घोटाळा होतो.

माझं मत गुप्त आहे, माझ्या बूथचं नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद निवडणूक नियमांत ५९-अ या क्रमांकाने केली होती. कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे कळू नये, हाच तिचा उद्देश. यंत्र आलं आणि प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा दिसू लागला. हजार-बाराशे मतदारांचं एक केंद्र म्हणजे प्रत्यक्षात दोन-तीन गल्ल्या किंवा एखादी झोपडपट्टी. निकालाच्या संध्याकाळी कुठल्या गल्लीने ‘काम केलं’ आणि कुठल्या गल्लीने ‘दगा दिला’ हे केंद्रनिहाय कागदावर दिसतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये चौदा केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव मांडला, विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५व्या अहवालात तो उचलून धरला, केंद्र सरकारने मात्र तो स्वीकारला नाही.

आता मारकडवाडीकडे या. आपल्याच जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत इथे भाजपच्या उमेदवाराला १,००३ आणि त्याच्या विरोधातल्या उत्तमराव जानकरांना ८४३ मतं दिसली. मतदारसंघात जानकर निवडून आले, तरी गावातल्या अनेकांना हा आकडा पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान रद्द झालं, गुन्हे दाखल झाले. देशभर ही घटना यंत्रांच्या विश्वासार्हतेच्या खात्यात जमा झाली. तो वाद मी इथे सोडवत नाही.

मला त्यात वेगळं दिसतं. आपल्या गावाने कसं मत दिलं हे गावकऱ्यांना ठाऊक असल्याचा ठाम विश्वास होता, आणि तो तपासण्यासाठी त्यांच्याकडे केंद्राचा आकडा होता. म्हणजे ज्या आकड्यामुळे गल्ली उघडी पडते, त्याच आकड्यामुळे गावाला शंका विचारता येते. या ठिकाणी मी दोन्हीकडे ओढली जाते, हे कबूल करायला हवं. मतं मिसळली तर वस्ती सुरक्षित होते, पण मोजणीवरची लोकांची एक पकड सुटते. त्यातल्या त्यात माझा कौल असा: किती मतदान झालं याचा केंद्रनिहाय आकडा उघड असावा, उमेदवारनिहाय मोजणी एकत्र व्हावी, आणि तिची खातरजमा कागदी चिठ्ठ्यांनी अधिक प्रमाणात व्हावी. महापालिकेच्या या निवडणुकीत अशी चिठ्ठी देणारं व्हीव्हीपॅट नव्हतंच, त्यामुळे आपल्या वाट्याला उघडी गल्लीही आली आणि न दिसणारी मोजणीही.

५. सर्वांत वजनदार आक्षेप

किरकोळ आक्षेप बाजूला ठेवू. लाभ हवा तर माहिती द्यावीच लागते, हे खरं आहे. लाडकी बहीणच्या छाननीत लाखो अपात्र नावं निघाली आणि त्यांत हजारो पुरुष होते, म्हणजे पडताळणीही हवीच. कार्यालयाला माहिती देण्याला माझा विरोध नाही. कार्यालयाला दिलेली माहिती प्रचाराच्या टेबलावर जाण्याला आहे. आता काय, सगळं तर बाहेर गेलंच आहे, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर एवढंच की फोन क्रमांक जुना होतो, पत्ता बदलतो, यादी दर निवडणुकीला नव्याने पिकवावी लागते. तेव्हा ती रोखायला दर वेळी नवी संधी असते.

खरा आक्षेप माहिती अधिकाराचे कार्यकर्ते घेतात, आणि तो झटकता येत नाही. गोपनीयता, गोपनीयता म्हणून तुम्ही ओरडता, आणि तोच शब्द सरकार आमच्या तोंडावर फेकतं. त्यांचं खरं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(जे) कलमात बदल केला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ना, हे पाहावं लागे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथे लिहिलं होतं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की पुरतं. सार्वजनिक हिताचं ८(२) कलम अजून आहे, पण ते सिद्ध करायचा भार अर्जदारावर येऊन पडतो. आणि गंमत पाहा, नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा कायद्याचे नियम आले तेव्हा हा बदल लगेच लागू झाला, तर नागरिकाला संमतीचे आणि माहिती खोडून घेण्याचे हक्क देणारी कलमं अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. पडदा आधी साहेबाला मिळाला, मावशीचा नंबर नंतर.

निवडणुकीतही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून मतदान केंद्रांचं सीसीटीव्ही चित्रण पाहण्याचा रस्ता बंद केला गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये मुख्य निवडणूक आयुक्तांनी आई-बहिणींच्या खासगीपणाचा हवाला दिला. त्याच आई-बहिणींची झेरॉक्स प्रत्येक संपर्क कार्यालयात पडली आहे, त्याबद्दल कुणी पत्रकार परिषद घेतल्याचं मला आठवत नाही.

तरीही या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही, उलट तो नीट मांडता येतो. गोपनीयता सत्तेचा प्रश्न आहे असं एकदा मानलं की पडदा कुणाला हे ठरवायची कसोटी आपोआप मिळते: ज्याच्या हाती जितकी सत्ता, त्याच्यावर तितका कमी पडदा. हे मी आज शोधलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ आणि मार्च २००३ च्या निकालांत उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावेत असं ठरवलं, तेव्हा मतदाराचा जाणण्याचा हक्क उमेदवाराच्या खासगीपणापेक्षा वरचा मानला. म्हणून प्रभागातल्या उमेदवाराच्या नावावर किती गुंठे आहेत हे मला वाचता येतं. माझ्या घरात कोण आजारी आहे हे त्याला वाचता येण्याचं कारण नाही. या दोन गोष्टींना एकाच शब्दाने झाकणारा कायदा गरिबाला उघडं ठेवतो आणि ठेकेदाराला पांघरूण देतो.

६. पासवर्ड बदलून हे सुटत नाही

या विषयावरची व्याख्यानं बहुधा ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ इथे संपतात. फसवणूक टाळायला तो सल्ला ठीक आहे. पण ज्या बाईला ओटीपी सांगितल्याशिवाय अर्जच भरता येत नाही, तिला हा सल्ला देणं म्हणजे तिच्या अडचणीचा दोष तिच्याच पदरात टाकणं. प्रश्न सामूहिक आहे, तर मागणीही तशीच हवी.

ती फार मोठी नाही. प्रत्येक विभागीय कार्यालयात अर्ज भरून देणारी, पक्षाचा फलक नसलेली खिडकी हवी, आणि ती संध्याकाळी, कारखान्यात विडी देऊन बायका परततात त्या वेळी उघडी हवी. झेरॉक्स किती दिवस ठेवली जाते आणि नंतर तिचं काय होतं, हे भिंतीवर लिहिलेलं हवं. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण कोण पाहतं आणि किती दिवस साठवतं, हे शहराला कळायला हवं. २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत आपण नववे होतो, तेव्हा एवढी अपेक्षा जास्त नाही. मदतीचं किट घेणाऱ्या बायकांचे फोटो नगरसेवकांनी ग्रुपवर टाकू नयेत, यासाठी तर कायदाही लागत नाही. आणि निवडून आलेल्या प्रत्येकाने प्रचारात वापरलेली मतदारांची माहिती कुठून आणली आणि आता ती कुणाकडे आहे, हे लेखी सांगावं.

प्रशासकाच्या चार वर्षांत हे विचारायला सभागृहच नव्हतं. आता २६ प्रभागांतून १०२ सदस्य बसले आहेत. असा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, आणि कोण हात वर करतं, कोण करत नाही, याची यादी या वेळी आपल्याला ठेवता येईल.